कुठल्या बाबांचं नाव?

बँकेने माझी बदली पश्चिम बंगालमधल्या कूचबिहार जिल्ह्यातल्या दिनहाट्याला केली आणि 2016 ते 2018 ही वर्षं मी तिथे काढली. तिथल्या छिटमहालांचा, म्हणजे एका देशाच्या जमिनीने चहूबाजूंनी वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या गावांचा, विषय निघाला की गावाकडची माणसं हमखास विचारतात, "माणसाला देशच नाही, असं कसं होईल? कुठून तरी घुसलेच असतील ना?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ते कुठूनही आले नव्हते. पणजोबांच्याच शेतात राहत होते. सरहद्द त्यांच्याभोवती येऊन बसली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्यात तह झाले, तेव्हापासून एकाच्या मुलखात दुसऱ्याची गावं अडकून राहिली. (राजे बुद्धिबळात गावं पणाला लावायचे ही तिकडची आवडती दंतकथा.) 1947 मध्ये शेजारचं रंगपूर पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, गेलं, 1949 मध्ये कूचबिहार भारतात आलं, आणि ही गावं परदेशाच्या पोटात सापडली. भारताची 111 बांगलादेशात, बांगलादेशची 51 भारतात.

दिनहाट्याजवळच्या मशालडांग्याची माणसं कायद्याने बांगलादेशची. पण बांगलादेशात जायचं तर भारताची जमीन ओलांडायला हवी, त्याला व्हिसा हवा, व्हिसाला पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टची कचेरी बांगलादेशात. शेताचा बांध ओलांडून बाजारात आलं तरी घुसखोरी. विजेच्या तारा डोक्यावरून जायच्या, घरात कंदील. 1974 मध्ये दोन्ही देशांत करार झाला, या गावांची अदलाबदल मात्र 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री. एक्केचाळीस वर्षं! एवढ्यात तिथे दोन पिढ्या वाढल्या. भारतातल्या छिटमहालांमध्ये सुमारे 14 हजार माणसं होती. बांगलादेशात जातो असं त्यातल्या एकानेही म्हटलं नाही.

या मधल्या वर्षांत लोकांनी नाती उसनी घेतली. बाळंतपणाला दवाखान्यात जायचं तर बाई शेजारच्या भारतीय गावातल्या कुणाचं तरी नाव नवरा म्हणून सांगायची. मुलाला शाळेत घालायचं तर बापही असाच उसना.

एकदा एक शेतकरी मुलाला घेऊन खातं उघडायला आला. फॉर्म मीच भरत होते. वडिलांचं नाव विचारलं तर पोरगा गप्प. शेजारी उभ्या असलेल्या बापाने खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, कुठल्या बाबांचं?"

शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. बापाच्या हातात त्याचं नवंकोरं मतदार कार्ड. 2016 च्या विधानसभेला त्याने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं होतं. आता तो भारताचा नागरिक होता, पण कागदोपत्री त्या मुलाचा कुणीच नव्हता. मला कागदाप्रमाणेच लिहावं लागलं. तो समोर उभा असताना मी परक्या माणसाचं नाव लिहिलं, आणि ते मला अजून टोचतं. कुणी "घुसखोर" म्हटलं की मला राग येतो तो त्यामुळेच.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला, स्वतःचं खातं उघडायला. वारसाच्या रकान्यात मुलाचं नाव सांगितलं. शेजारच्या रकान्यात नातं लिहायचं होतं. "इथे मुलगा लिहिलं तर चालेल? दाखला मागाल?"

त्याला दाखला लागत नाही, मी म्हटलं, आणि लिहिलं. त्याने मला ती ओळ वाचून दाखवायला सांगितली. मग म्हणाला, "परत एकदा वाचा."