तोच फोटो, पुन्हा

१४ जानेवारी २०२२, स्लाव (इंग्लंड)

सकाळपासून जिकडेतिकडे तोच फोटो. विंडसरच्या चॅपलमध्ये राणी एकटीच बसलेली, काळे कपडे, काळा मास्क, कोरोनाच्या नियमांमुळे आजूबाजूच्या जागा रिकाम्या. गेल्या एप्रिलमध्ये हा फोटो आला तेव्हा लोक हळहळले होते, आज चिडलेत. राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांच्या अंत्यविधीच्या आदल्या रात्री डाउनिंग स्ट्रीटवर, पंतप्रधानांच्या कार्यालयात, सहकाऱ्यांच्या निरोपाच्या दोन पार्ट्या झाल्या म्हणे. सूटकेस घेऊन कुणाला तरी दुकानात पिटाळलं आणि ती वाइनच्या बाटल्यांनी भरून आणली. बागेतला लहान मुलाचा झोपाळा मोडला. आज राजवाड्याची माफी मागून झाली.

पलीकडच्या आजी फाटकातूनच म्हणाल्या, "आम्ही नियम पाळले, तिनेही पाळले, आणि हे बघ." हात थरथरत होता त्यांचा. त्यांचं बरोबरच आहे. माझं मन मात्र त्या रागापर्यंत पोचतच नाही, फोटो दिसला की ताईचं बोलणं आठवतं.

"आत्या गेली तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि त्या म्हाताऱ्यासाठी रडतेस?"

त्या दिवशी अंत्यविधी टीव्हीवर चालू होता आणि नेमका तेव्हाच तिचा व्हिडिओ कॉल आला. एवढं बोलून ती गॅस बंद करायला उठली, परत आली ती दुसरंच काही बोलायला लागली. आज तिला ते आठवतही नसेल. मला येताजाता आठवतं. मी इथे कशी राहिले ते वर्ष, एकदा तरी विचारायचं होतं कुणीतरी. सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय की मी लांब राहून कोरडी झाले. लांब राहणाऱ्याला दुःख कमी होतं, हा हिशेब कुणी मांडला?

जाऊ दे.

पण मी रडले, हे खरं. का रडले? राजघराण्याशी माझा काय संबंध! १३ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, दाजींनी ग्रुपवर जालियनवाला बागेचा फोटो टाकला होता. १९९७ साली राणीबरोबर अमृतसरला आले असताना फिलिप यांनी तिथल्या फलकावरच्या दोन हजार हुतात्म्यांच्या आकड्यावर शंका घेतली होती. डायरच्या मुलाबरोबर आपण नौदलात होतो, असंही म्हणाले होते. तेव्हा भारतात लोक संतापले ते योग्यच होतं. दाजींचं काही चुकलं नाही. १९६१ मध्ये रणथंभोरला याच माणसाने वाघ मारला आणि त्याच वर्षी वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपदही घेतलं. हे सगळं ठाऊक असून माझे डोळे भरून आले.

आजींचं तेव्हाचं वागणंही मला असंच कोड्यात टाकून गेलं होतं. ९ एप्रिलला फिलिप गेल्याची बातमी आली आणि बीबीसीने दोन्ही मोठ्या वाहिन्यांवर तेच ते सुरू केलं, मास्टरशेफची अंतिम फेरीसुद्धा पुढे ढकलली. लाखावर लोकांनी तक्रारी केल्या, त्यांत आजीही होत्या. जानेवारीत आजींचे यजमान हॉस्पिटलात वारले, त्यांना शेवटचं भेटूही दिलं नव्हतं. "तो गेला त्या रात्री टीव्हीवर सगळं नेहमीसारखं चालू होतं," म्हणाल्या. आणि १७ तारखेला दुपारी तीनला, देशभर एक मिनिट शांतता पाळली तेव्हा, याच आजी दारात उभ्या होत्या. हीथ्रोची विमानंही त्या वेळी थांबवली होती. मी खिडकीतून पाहत होते. त्या कुणासाठी उभ्या होत्या, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मला रडू आलं ते राणीला बघून नव्हेच. त्याच्या आधी विंडसरच्या किल्ल्याच्या चौकात एक घोडागाडी उभी दिसली, गडद हिरवी, दोन काळी तट्टं जुंपलेली. म्हातारपणी फिलिप ती स्वतः हाकायचे. बसायच्या जागेवर त्यांची टोपी, हातमोजे, चाबूक आणि साखरेच्या खड्यांचा छोटा लाल डबा. तट्टांना द्यायची साखर. तो डबा पाहिला आणि मला आवरेना.

आत्याचं असं काहीच दिसलं नव्हतं मला. सप्टेंबर २०२० मधली ती रात्र, सांगलीहून कुणीतरी स्मशानातून मोबाइल धरलेला, पीपीई किटमधली चार माणसं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. तोंड नाही, हात नाही. अर्ध्यात चित्र गोठलं, आवाज तेवढा येत राहिला. ती आत्या होती हे मी मानायचं होतं. माझ्या मनाने ते मानलं नाही, एवढंच. वानुआटूतल्या टान्ना बेटावरच्या लोकांनी फिलिप यांच्यासाठी शोक केला, देवासारखे मानायचे त्यांना. तेव्हा टीव्हीवर नवल म्हणून दाखवत होते. पण त्या लोकांकडे फिलिप यांनी पाठवलेले फोटो होते, वर्षानुवर्षं जपलेले. समोर धरायला काहीतरी होतं.

हे लिहिता लिहिता ताईवरचा राग उतरत चाललाय. तिथे सगळं तिने निस्तरलं. बेडसाठी वणवण, ऑक्सिजन, नंतरचे कागद. तिलाही तोंड बघायला मिळालं नाही. आणि तिच्या बरोबरीने रडायला जी बहीण हवी होती, ती फोनवर दगडासारखी बसून होती. ती बोलली ते लागलं, पण बोलायला तिच्याजवळ दुसरं होतं कोण? दाजींसमोर ती रडत नाही, मला माहीत आहे.

आज संक्रांत. तिचा "तिळगूळ घ्या" पहाटेच येऊन पडलाय, सगळ्यांना पाठवलेला तोच. त्याला उत्तर म्हणून एवढंच लिहिलं: आत्याचा अडकित्ता आणि पानाचा डबा कुणाकडे आहे? फोटो काढून पाठव.

दोन निळ्या खुणा दिसतायत. अजून उत्तर नाही. सांगलीत आता रात्र झाली असेल.