२० माणसांचे दार

सुट्टी असल्याने आज ‘इनसाइड’ हा २०१६ सालचा डॅनिश गेम एका बैठकीत संपवला. लाल शर्टातला पळणारा मुलगा, मागे कुत्रे आणि संवाद एकही नाही. तरीही माणसांची मने ताब्यात ठेवणारे ते जग अंगावर येते. एक दार २० माणसे जमल्याशिवाय उघडत नाही, आणि ते मुकाट देह एकेक करून गोळा करताना, मीही त्यांना तसेच वापरतो आहे, हे जाणवून माझा हात थबकला. वैताग आला तो स्फोटलहरींच्या टप्प्यावर, जिथे पत्र्याआडून क्षणभर आधी निघाले की मुलाच्या चिंधड्या होतात. उपाय उमगलेला असताना तेच पुन्हा पुन्हा करायला लावणे, याला मी कोडे म्हणणार नाही. शेवटाचा अर्थ मात्र गेमच्या निर्मात्यांनी सांगितला नाही, हे फार बरे केले.