तुम्ही विचारलंत म्हणून : डिझायनरला बोलवायचं कधी?

"ताबा मिळाला की तुम्हाला फोन करतो." नवं घर बुक केलेल्या ओळखीच्या लोकांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकते. मागोमाग प्रश्न येतो : इंटीरियर डिझायनरला नेमकं बोलवायचं कधी, आणि खरंच गरज असते का? पुण्यात बरीच वर्षं मी हेच काम करते आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

ताबा मिळेपर्यंत थांबू नका. बांधकाम चालू असताना घर घेतलं असेल, तर तुमच्या मजल्याचं काँक्रीट पडायच्या आधी या. आता पुण्या-मुंबईतल्या कित्येक टॉवरचं काम मायवान पद्धतीनं होतं. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून त्यात काँक्रीट ओततात. आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसतात, सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. वायरचे पाइप आणि स्विचचे डबे आधीच साच्यात बसवलेले असतात. नंतर त्या भिंतीत खाच पाडून पॉइंट हलवायचा म्हणजे इमारतीच्या ताकदीलाच हात घालणं, आणि तशी परवानगी सहसा मिळत नाही. मग पलंगामागे दडलेला स्विच आणि फ्रिजपासून लांब राहिलेला सोळा ॲम्पियरचा पॉइंट यांच्याशी जुळवून घेत राहावं लागतं. ओतकाम झालेलं असलं तरी लवकर या, कारण मग आहे त्या पॉइंटच्या हिशेबानं फर्निचरच्या जागा ठरवता येतात.

रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दिसला, तर तो बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. पण तुम्ही हौसेनं बाथरूमची फरशी उखडली आणि खालचं वॉटरप्रूफिंग गेलं, तर खालच्या मजल्यावरची गळती नक्की कोणामुळे, या वादात महिने जातात. म्हणून काय फोडायचं याच्याइतकंच काय अजिबात फोडायचं नाही, हे सांगणारं माणूस वेळेवर हवं. जुना फ्लॅट घेत असाल तर सौदा पक्का करायच्या आधी एकदा दाखवा. स्वयंपाकघर आणि हॉल एक करायचा तुमचा बेत असतो, आणि मधली भिंत भार पेलणारी निघते. तो निर्णय माझाही नसतो, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो.

गरज प्रत्येकाला नसते, हेही मनापासून सांगते. अकरा महिन्यांच्या कराराचं भाड्याचं घर असेल, नुसता रंग काढायचा असेल, एखादं कपाट करून घ्यायचं असेल, तर चांगला सुतार पुरे. संपूर्ण घर करायचं असेल, किंवा सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी एकाच वेळी घरात असणार असतील, तर कोणीतरी त्यांना एका कागदावर आणायला हवं.

तो कागद म्हणजेच खरं काम. लोक थ्री-डी चित्र बघून हुरळतात. पडदे, मंद दिवे, कोपऱ्यात झाड. त्या चित्रावरून कोणालाही कपाट करता येत नाही. पहिल्या भेटीत डिझायनरला सांगा, आधीच्या एखाद्या कामाचं सुताराच्या हातात दिलेलं ड्रॉइंग दाखवा. त्यात मिलिमीटरमधली मापं, प्लायची जाडी, बिजागरी कुठली, ड्रॉवर किती खोल, हे सगळं असतं. ते दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे जाऊ नका. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, इंटीरियर डिझायनरसाठी तशी सक्ती नाही. त्यामुळे पारख तुम्हालाच करायची आहे, आणि ती पूर्ण झालेलं, दोन-तीन वर्षं वापरात असलेलं घर बघून करा. नवं घर सगळ्यांचंच सुंदर दिसतं. सिंकखालचं कपाट उघडून बघा, तिथलं प्लाय फुगलंय का ते कळेल.

माझ्या मते घराची परीक्षा ओट्यापाशी होते. मी घरच्या बाईंना त्यांच्या सध्याच्या ओट्यावर पोळ्या लाटून दाखवायला सांगते. ओटा उंच असेल तर लाटताना खांदे वर जातात, जोर मनगटावर येतो. त्याच ओट्यावर भांडी घासताना मात्र वाकावं लागतं, कारण सिंकचा तळ आणखी वीतभर खाली असतो. बत्तीस ते चौतीस इंच हे रूढ माप सगळ्यांना सारखं कसं चालेल? मागे एका घरात सून चांगली उंच आणि सासूबाई पाच फुटांहून कमी. शेगडीवर कढई चढली की सासूबाईंना आतलं दिसायचं नाही, टाचा उचलाव्या लागायच्या. आम्ही मुख्य ओटा सुनेच्या मापाचा केला, आणि खिडकीपाशी अठ्ठावीस इंचांवर एक छोटा ओटा दिला, खाली पाय जातील असा. तिथे खुर्चीवर बसून त्या पोळ्या लाटतात. भाजी मात्र त्या जमिनीवर बसून विळीवरच चिरतात, म्हणून मधे घालायचं ठरलेलं टेबल आम्ही रद्द केलं आणि तेवढी जमीन मोकळी ठेवली. कुठल्याही तयार मॉड्युलर किचनच्या दुकानात हे सापडणार नाही.

म्हणून यायच्या आधी फोटो कमी गोळा करा आणि घरातल्या वस्तू मोजा. फराळाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांच्या गाद्या, गौरी-गणपतीचं मखर वर्षभर कुठे राहतं ते. पहाटे कोण उठतं, त्याच्या दिव्यानं कोणाची झोप मोडते, तेही सांगा.

पैशाचं बोलताना संकोच नको. आकडा सांगितला की तेवढा खर्च करूनच दाखवतील, या भीतीनं लोक बजेट लपवतात. मग मी व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा महागडा पातळ थर, धरून आखणी करते आणि शेवटी स्वस्तातल्या लॅमिनेटवर, म्हणजे छापील सनमायकावर, यावं लागतं, त्यात वेळ आणि मन दोन्ही खर्ची पडतं. खरा आकडा सांगा, आणि वर दहा टक्के स्वतःजवळ गुपचूप राखून ठेवा. फी चौरस फुटावर, खर्चाच्या टक्क्यांवर किंवा ठोक असते, त्यावर 18 टक्के जीएसटी. कुठलीही चालेल, पण फीमध्ये काय येतं ते लेखी घ्या : ड्रॉइंग कोणकोणती, बदल किती वेळा, साइटवर फेऱ्या किती. दुकानदाराकडून कमिशन घेता का, हेही थेट विचारा. प्रश्न रास्त आहे, राग येणाऱ्यानं उत्तर दिलंच समजा. स्वयंपाकघरासाठी आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का असलेलंच प्लाय मागा, आणि प्लाय कापायच्या आधी तो शिक्का बघा. शेवटचा हप्ता सगळी दारं नीट लागेपर्यंत हातात ठेवा.

मुहूर्ताबद्दलही एक विनंती. टू बीएचकेला दोन-तीन महिने धराच. भर पावसात पॉलिश करायला लावू नका, हवेतल्या ओलीनं ते पांढुरकं पडतं. उत्तरेकडचे कारागीर होळीला गावी जातात, तेव्हा पाडव्याची वास्तुशांत ठरवली असेल तर सुतारकाम माघातच उरकायला हवं. तारीख आधी आणि डिझायनर नंतर, असं केलं की शेवटच्या आठवड्यात ओल्या रंगावर सोफा येतो.

पहिल्या भेटीला बिल्डरचा प्लॅन घेऊन या. आणि घरात जे माणूस ओट्यापाशी सर्वांत जास्त वेळ उभं असतं, त्यालाही घेऊन या, मग ती सून असो, सासू असो किंवा स्वयंपाकाच्या मावशी.