वीस टक्के

डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या ऑफिसातून फोन आला. वायरलेस कीबोर्ड आणि माउस, दोन्हींची बॅटरी सारखी 'लो' दाखवते, येऊन बघा. किरकोळ काम समजून गेलो. तिथे टेबलावर एक वही होती: तारीख, सेल चार्ज केले, सही. सगळ्या सह्या शिपाईकाकांच्या.

शाळेने जूनमध्ये पैसे वाचावेत म्हणून रिचार्जेबल सेल आणले होते. काका रात्री चार्जरला लावायचे आणि सकाळी घालायचे. तरी दुपारपर्यंत स्क्रीनवर वीस टक्के. काका चार्जर लावतच नाहीत, नुसती सही ठोकतात, असा हेडक्लार्कबाईंचा ग्रह झाला होता. माझ्याआधी आलेल्या माणसाने मीटर बाहेर न काढताच "चार्जिंग नीट होत नाही" असं सांगून पैसे घेतले होते. ही गोष्ट मला अजून खटकते. ज्याच्या हातात मीटर आहे त्याने अंदाजाने बोलू नये.

मी सेल काढून मोजले. प्रत्येकी १.२९ व्होल्ट. नुसता व्होल्टेज बघून भागत नाही, म्हणून सेलवर थोडा भार पडावा यासाठी १० ओमचा रेझिस्टर लावून पुन्हा बघितलं: १.२७, जेमतेम उतरला. म्हणजे सेल भरलेला. बाईंच्या ड्रॉवरमध्ये भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला एक साधा स्वस्त सेल होता. तो काही न जोडता १.४ दाखवत होता आणि रेझिस्टर लावताच १.० वर बसला. ज्याचा आकडा मोठा, तोच सेल संपलेला.

कीबोर्डला सेलमध्ये किती चार्ज उरलाय हे कळत नाही. तो व्होल्टेज बघतो आणि त्यावरून टक्के ठरवतो. हा कीबोर्ड अल्कलाइन, म्हणजे एकदा वापरून टाकायचे सेल धरून बनवलेला. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टच्या वर असतो आणि वापरात हळूहळू उतरत जातो. रिचार्जेबल सेल मात्र बहुतेक सगळा चार्ज १.२ च्या आसपास राहूनच देतो आणि अगदी शेवटी एकदम कोसळतो. अल्कलाइनच्या मापाने १.२ म्हणजे जवळजवळ रिकामा. मग बिचारा सेल भरलेला असला तरी वीस टक्केच दिसणार.

माझ्याकडचे नवे अल्कलाइन घातले, शंभर टक्के. काकांचे परत घातले, वीस. बाईंनी दोनदा करायला लावलं.

माउसचं दुखणं निराळं होतं. कधीतरी आत सेल गळला होता, त्यात आपला पावसाळा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी खपली धरलेली. कापसाच्या काडीने व्हिनेगर लावलं, खपली खरवडली, स्पिरिटने पुसून वाळू दिलं. वॉर्निंग गेली.

बाईंना म्हटलं, कीबोर्डच्या टक्क्यांकडे बघू नका, अक्षरं गळायला लागली की सेल बदला. त्यांनी मान हलवली, चहा मागवला. काकांना मात्र काहीच म्हणाल्या नाहीत. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "काकांनी सेल रोज व्यवस्थित चार्ज केलेत." त्यावर कोणी बोललं नाही. आणखी काही बोलायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.

निघताना काका वही उघडून बसले होते. मी म्हटलं, "काका, आता सही कशाला?"

"असू दे," म्हणाले, आणि तारीख घातली.