उकळी आली म्हणजे काम झाले, असे नव्हे

पदार्थाला उकळी आणून आच बंद करायची आणि पातेले जाड गोधडीत गुंडाळून ठेवायचे, म्हणजे उरलेले शिजणे साठलेल्या उष्णतेवरच होते, ही युक्ती आता माझ्या स्वयंपाकघरात चांगली रुळली आहे. भात पहिल्यापासूनच सुरेख झाला आणि भाज्यांच्या सूपबद्दलही तक्रार नाही. राजम्याने मात्र माझा अंत पाहिला, आणि त्याबद्दलचा राग राजम्यापेक्षा ‘एक उकळी आणा, गुंडाळा आणि विसरून जा’ एवढ्यावर आटोपणाऱ्या कृतींवर अजूनही आहे.

रात्रभर भिजवलेला राजमा मी तसाच, एका उकळीवर, गुंडाळला. काही तासांनी गोधडी सोडली तेव्हा पातेले हाताला चटका बसेल इतके गरम होते, पाण्याला तांबूस रंग आला होता, साले सुटू लागली होती. पण एक दाणा चिमटीत दाबला तर तो मधोमध फुटला आणि आत पांढरट, कोरडा, खडूसारखा गाभा दिसला. पुन्हा गुंडाळून वाट पाहण्यात अर्थ नव्हता, कारण गोधडी उष्णता निर्माण करत नाही, फक्त राखते. पाण्याला पहिली उकळी येते तेव्हा दाण्याचा गाभा त्या तापमानाला पोहोचलेला नसतो. आच बंद केल्यावर तो पाण्यातलीच उष्णता ओढून घेतो आणि पाण्याचे तापमान उतरू लागते. म्हणजे खरा प्रश्न किती वेळ गुंडाळायचे हा नसून गुंडाळण्याआधी किती वेळ उकळायचे हा आहे, आणि नेमके तेच कोणी लिहीत नाही.

राजम्याच्या बाबतीत हे मौन निव्वळ त्रासदायक नाही, धोक्याचेही आहे. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि अर्धवट शिजलेले दाणे खाल्ल्यास काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मंद शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. त्यासाठी भिजवलेले पाणी ओतून देऊन ताज्या पाण्यात राजमा निदान १० मिनिटे खळखळून उकळावा लागतो. मी अर्धा तास उकळते, म्हणजे गाभाही पुरता तापतो, आणि मगच पातेले गुंडाळते.

एवढे उकळल्यावर इंधन ते काय वाचणार, अशी शंका मलाही आली होती. पण उघड्या पातेल्यात मोठ्या आचेवर उकळत ठेवले तरी पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, जास्तीची आच केवळ वाफ करण्यात जाते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ३१५ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर तेच पाणी वाफ करून उडवायला त्याच्या सातपट. म्हणून झाकण घट्ट हवे, आणि उकळी टिकेल इतकीच आच पुरते. पाणी आटत नसल्यामुळे ते सुरुवातीलाच नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे.

पातेले जवळजवळ भरलेले असावे, कारण थोडासा पदार्थ फार लवकर निवतो. दोन माणसांपुरत्या भाजीसाठी हा खटाटोप मी करत नाही. गुंडाळताना तळ विसरू नये, खालीही घडी घातलेली चादर हवी, आणि आच बंद केल्याची खात्री केल्याशिवाय कापड जवळ आणू नये. थर्माकोलच्या खोक्यात तापलेले पातेले थेट ठेवले तर खोकेच मऊ पडते. टोमॅटो किंवा चिंच दाणे शिजल्यावरच घालावी. आंबटामुळे दाणे लवकर मऊ होत नाहीत. आणि घरातल्यांना बजावून ठेवावे की झाकण उचलून पाहायचे नाही, कारण सगळ्यात जास्त उष्णता त्या ‘जरा बघते’मध्येच निघून जाते.

उघडल्यावर अन्न ६० अंशांच्या खाली गेले असेल तर ते तसेच ठेवून देऊ नये. भाताबाबत तर विशेष जपावे: कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हे जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष नंतर कितीही उकळले तरी जात नाही.