होर्मुझ पेटलं की गॅसची घाई

आज शहापूर-वडगावात जिथं बघावं तिथं गॅसचीच चर्चा. इराणकडं काही पेटलं की इथं बुकिंगची झुंबड उडते. भीती खोटी नाही. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, त्यातला बहुतेक इराणलगतच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. ती सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद. तिथलं काही आपल्या हातात नाही.

दारातला सिलिंडर मात्र आहे. वजन करूनच घ्या: वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. चाचणीची मुदतही तिथंच, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढं साल. मुदत उलटलेली टाकी परत पाठवा.

टोपी काढून वॉल्व्हच्या तोंडात बघा. आतली काळी रबरी रिंग चिरलेली किंवा गायब असेल, तर रेग्युलेटर घट्ट बसूनही गॅस गळतो. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती समजा. काडी ओढून तपासणारे अजून आहेत, जीव थरारतो बघा. पोचवणाऱ्या पोराला घाई असते. तरी रिंग त्याच्या समोरच तपासा. नळी पाच वर्षांत बदलायची, आणि तारीख नळीवरच छापलेली असते.