गणपती, ब्राझोस नदी आणि आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

मागच्या आठवड्यात मिरजेहून मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "तिकडं आता आपल्या लोकांना त्रास देतात म्हणे, खरं का गं?" मी "छे, आमच्याकडं तसलं काही नाही" म्हणून विषय बदलला, पण फोन ठेवल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, कारण ते उत्तर खोटं पण नव्हतं आणि खरं पण नव्हतं. म्हणून इथं लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

आम्ही अमेरिकेत, टेक्ससमध्ये ह्यूस्टनच्या शेजारी फोर्ट बेंड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) राहतो, शुगरलँडजवळ. हे गाव खरंच साखरेचं, इंपीरियल शुगरची रिफायनरी होती इथं, २००३ पर्यंत चालू होती. म्हणजे साखर कारखान्याच्या पट्ट्यातून उठून पुन्हा साखरेच्याच गावात, नशीब बघा. २०१२ ला आलो तेव्हा लेक पाच वर्षांची. शाळा सुरू झाल्यावर चार दिवसांत ती छातीवर हात ठेवून दोन-दोन प्रतिज्ञा म्हणायला लागली, एक देशाची आणि एक टेक्ससची, आणि दोन्हीत "अंडर गॉड". मला वाटलं हे वॉशिंग्टनच्या काळापासून असेल. तर नाही. देशाच्या प्रतिज्ञेत ते १९५४ साली घातलं, रशियाशी शीतयुद्ध चालू होतं, ते कम्युनिस्ट देव न मानणारे म्हणून आम्ही मानणारे असं दाखवायचं होतं. "इन गॉड वी ट्रस्ट" हे राष्ट्रीय ब्रीदवाक्य त्याच्या दोन वर्षं नंतरचं. आणि टेक्ससच्या प्रतिज्ञेत देव आला तो तर २००७ साली, म्हणजे माझ्या लेकीच्या वयाचाच आहे तो.

२०२५ मध्ये इथं कायदा झाला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचं पोस्टर लावायचं, साईझ सुद्धा कायद्यात लिहिलाय, कमीत कमी १६ बाय २० इंच. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या कारण सरकारनं कुठला एक धर्म उचलून धरायचा नाही हे इथल्या घटनादुरुस्तीत १७९१ पासून लिहिलेलं आहे. ऑफिसात तुम्हाला कुणी धर्म विचारणार नाही, विचारलाच तर एचआर धावत येईल, पण किराणा दुकानातली बाई बिल करता करता सहज विचारेल, "तुम्ही कुठल्या चर्चला जाता हनी?" नाही जात म्हटलं की लगेच आमंत्रण. त्यात वाईट हेतू नसतो, आपल्याकडं रेल्वेत आडनाव विचारतात ना तसंच, आणि आपल्याकडं आडनाव का विचारतात ते आपल्याला माहीतच आहे.

उन्हाळ्यात चर्चवाले व्हेकेशन बायबल स्कूल घेतात, आठवडाभर, सकाळच्या वेळी, बहुतेक ठिकाणी फुकट. समर कॅम्पचे रेट बघितल्यावर निम्म्या देशी आयांना अचानक सर्वधर्मसमभाव आठवतो. आम्ही पण पाठवलं. लेक घरी आली ती जीझसची गाणी म्हणतच. सासूबाई स्काईपवर होत्या, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला मात्र काही वाटलं नाही, माझा जन्मच मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला, ते वॉनलेस डॉक्टरांनी काढलेलं, अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं. आमच्या घरातली निम्मी बाळंतपणं तिथं झाली, ख्रिश्चन कुणीच झालं नाही.

बायबल स्कूलचं सुचवलं होतं शेजारच्या आजींनी. रिटायर्ड शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या, पक्क्या सदर्न बाप्टिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका कर्मठ पंथाच्या. निवडणूक आली की त्यांच्या लॉनवर पहिली पाटी लागते, कुणाची ते सांगायची गरज नाही. आमच्या लॉनवर काहीच नसतं, आम्ही ग्रीन कार्डच्या लाईनीत उभे असलेले, मत कुठलं द्यायला. लेक २१ ची झाली की आमच्या व्हिसावरून तिचं नाव निघणार, तोवर कार्ड येत नाही हे आता आम्ही मान्य करून टाकलंय. असो, तो वेगळाच विषय.

२०१७ हे वर्ष मी विसरणार नाही. फेब्रुवारीत कॅन्ससमध्ये ओलेथा म्हणून गाव आहे तिथं श्रीनिवास कुचिभोतला नावाचा इंजिनिअर मित्राबरोबर ऑफिस सुटल्यावर बारमध्ये बसला होता, एकानं "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणून ओरडून गोळ्या घातल्या. श्रीनिवास गेला, ३२ वर्षांचा होता. मित्र वाचला. आणि त्यांच्यासाठी मध्ये पडलेला इयन ग्रिलट, तिथलाच गोरा तरुण, त्याला पण गोळी लागली. ह्यूस्टनच्या भारतीयांनी एक लाख डॉलर जमवले आणि त्याला घर घ्यायला दिले, मार्चमध्ये इंडिया हाऊसच्या कार्यक्रमात. आमचे त्यात पन्नास डॉलर. आई रोज फोन करायची, बाहेर मराठीत बोलू नका, नवऱ्याला म्हणावं दाढी काढ.

नंतर बातमी आली की मारणाऱ्याला ते दोघं इराणी वाटले होते. त्या शनिवारी आमच्याकडं दोन कुटुंबं जेवायला होती आणि सगळ्यांचा सूर एकच, मी पण त्यात होते, की बघा काय अडाणी लोक आहेत, यांना कळत पण नाही आपण मुसलमान नाही म्हणून, आपण हिंदू आहोत हे नीट सांगायला पाहिजे यांना. लेक दहा वर्षांची, ताटातली कोशिंबीर बाजूला सारत तिनं विचारलं, "ते खरंच इराणी असते तर मग ओके होतं का?" कुणी काही बोललं नाही. नवरा म्हणाला भात वाढ.

त्याच वर्षी ऑगस्टात हार्वी आलं. वादळ टेक्ससच्या किनाऱ्याला लागलं ती तारीख २५ ऑगस्ट आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. आमचा पाच दिवसांचा गणपती, शाडूची छोटी मूर्ती. पाऊस असा की मिरजेत पण तसा बघितला नव्हता, थांबायचं नावच नाही. तिकडं आपण सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी किती फूट हे विचारत बसतो तसं आम्ही इथं ब्राझोस नदीचे आकडे बघत होतो, आणि सोमवारी आमच्या बांधाच्या भागाला घर सोडायची ऑर्डर आली. जायचं कुठं? आजी छत्री घेऊन दारात, म्हणाल्या माझ्या बहिणीचं घर उंचावर आहे, चला. मी म्हटलं आमच्याबरोबर तो पण आहे. त्यांनी देवघराकडं बघितलं, जरा थांबल्या, आणि आत जाऊन मोठा टॉवेल घेऊन आल्या, "हा भिजता कामा नये ना?"

बहिणीच्या घरी पियानोवर फोटो आणि वर भिंतीवर क्रूस. पियानोवरचे फोटो काढून आजींनी जागा केली. जेवायच्या आधी आम्ही सगळ्यांनी हात धरले आणि त्यांनी जीझसकडं पाऊस थांबव म्हणून प्रार्थना केली, संध्याकाळी आम्ही दबक्या आवाजात आरती म्हटली तेव्हा त्या उठून किचनमध्ये गेल्या. मला लागलं ते. रात्री भांडी पुसताना त्यांनीच विषय काढला, "मी तिथं उभी राहू शकत नाही, दुसरा देव मानायचा नाही ही माझी पहिलीच आज्ञा मोडते. पण तुम्ही हळू आवाजात का म्हणत होता? घरात कुणी झोपलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी पाचवा दिवस, विसर्जन बादलीत. बाहेर सगळीकडं पाणीच पाणी आणि आम्ही नळाखाली बादली भरतोय, यावर दोघी बहिणी इतक्या हसल्या.

पुढच्या वर्षी, २०१८ च्या चतुर्थीला, आमच्या काउंटीच्या रिपब्लिकन पार्टीनं भारतीयांच्या पेपरात गणपतीची जाहिरात दिली. रिपब्लिकनांचं चिन्ह हत्ती आणि डेमोक्रॅट्सचं गाढव, तर जाहिरातीत गणपतीच्या चित्राबरोबर प्रश्न की तुम्ही गाढवाची पूजा कराल की हत्तीची, निवड तुमची! हिंदू संघटना चिडल्या, पार्टीनं माफी मागितली. आमच्या ग्रुपवर निम्मे भडकलेले आणि निम्मे म्हणत होते, अरे निदान आपली मतं मोजायला तरी लागले. (मतं असलेल्यांची, हे मी मनात म्हटलं.)

मग २०२४ चा ऑगस्ट. इथल्या अष्टलक्ष्मी मंदिरात हनुमानाची ९० फुटी मूर्ती उभी राहिली, ब्राँझ रंगाची, अमेरिकेतल्या सगळ्यात उंच मूर्तींमध्ये तिचं नाव घेतात. आम्ही गेलो होतो, मान दुखेपर्यंत वर बघितलं. एका चर्चचे थोडे लोक तिथं येऊन विरोधात प्रार्थना करून गेले अशी बातमी आली आणि दोन दिवसांनी कचऱ्याचा डबा आत नेताना आजी म्हणाल्या, मी पण होते त्यात. कसं सांगितलं तर बटाटे महागलेत म्हणावं तसं. "तुमच्या विरोधात नव्हते, त्या मूर्तीच्या विरोधात होते. तुझ्याशी खोटं बोलणार नाही." मी काही न बोलता घरात आले. दुसऱ्या दिवशी दारात पेकन पाय (पेकन नावाच्या सुक्या मेव्याचा गोड पदार्थ), तरी पण मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. पाय खाल्ला मात्र.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. २०२५ च्या सुरुवातीला डलासच्या बाहेर चारशे एकरांवर एक वसाहत होणार अशी बातमी गाजली, एपिक सिटी, प्लेनोच्या एका मशिदीशी जोडलेल्या लोकांची योजना, घरं, शाळा, मध्ये मशीद. राज्याचे गव्हर्नर स्वतः विरोधात उतरले, चौकश्या लागल्या. आमच्या देशी ग्रुपवर दोन महिने दुसरं काही नाही. हे इथं कशाला हवंय, हा ख्रिश्चन लोकांचा देश आहे, आपण त्यांच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे, आपल्याला माहीत आहे हे लोक कसे असतात, वगैरे. एक काका जरा धीरानं मांडत होते, की मंदिर बांधणं वेगळं आणि एकाच धर्माची वसाहत वेगळी, आणि त्यात विचार करण्यासारखं होतं, बांधणारे म्हणत होते घर कुणालाही घेता येईल पण तसं झालं असतं का हा प्रश्न रास्तच. बाकीच्यांना मात्र वसाहतीशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि सप्टेंबरमध्ये सिनेटसाठी उभं राहू बघणाऱ्या एका रिपब्लिकनानं आमच्या हनुमानाच्या मूर्तीचा व्हिडिओ टाकून लिहिलं की खोट्या हिंदू देवाची खोटी मूर्ती टेक्ससमध्ये का चालवून घेतोय, आपला ख्रिश्चन देश आहे. ग्रुप पेटला. घटना, धर्मस्वातंत्र्य, १७९१, सगळं एकदम सगळ्यांना पाठ. मी काय केलं, मार्चमधला, एपिक सिटीच्या वेळचा आमच्याच एकाचा मेसेज शोधून काढला आणि त्याच्याखाली हे त्या उमेदवाराचं वाक्य चिकटवलं. स्वतःचा एक शब्द लिहिला नाही. नाव पण खोडलं होतं.

मला त्या वेळी २००९ ची मिरज आठवत होती. गणपतीत एका मंडळाच्या कमानीवर अफझलखान वधाचं चित्र, त्यावरून दंगल, कर्फ्यू, विसर्जनाला खोळंबलेले गणपती. ज्या गावात मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाण्याचा उत्सव होतो, जिथं सतारी बनवणारे पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान, त्याच गावात आमच्या गल्लीतली रोज दूध घालायला जाणारी माणसं गच्चीवर दगड साठवत होती. माझे बाबा खिडकी बंद करून म्हणाले होते, आपल्याला काय, आपण आत आहोत. मी पण तेव्हा आतच होते, कुणाला काही बोलले नव्हते.

तर ग्रुपवर तासभर शांतता. मग तिघं न बोलता लेफ्ट. एकीनं लिहिलं की सगळ्यात राजकारण आणायची काही लोकांना हौस असते. रात्री नवऱ्याला फोन, "वहिनींना काय झालंय? काही टेन्शन आहे का?" नवरा म्हणाला तुला काय गरज होती, आणि मग थोड्या वेळानं म्हणाला पण बरोबर होतं. दोन्ही एकाच चेहऱ्यानं.

आजींशी आता बोलणं आहे. मी त्यांना हे सगळं सांगितलं, मला वाटलं खूश होतील की हिंदूंचं पण असंच असतं. त्या म्हणाल्या, "माझ्या चर्चमध्ये मी असं केलं असतं तर मला जेवणाला घरून कॅसरोल करून आणायला सुद्धा बोलावलं नसतं." मी म्हटलं मग तुम्ही का नाही केलंत. त्यावर त्यांनी गुलाबांना पाणी घालायला सुरुवात केली.

या रविवारी ग्रुपचं पॉटलक आहे पार्कमध्ये, म्हणजे प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं जेवण. दरवर्षी माझ्याकडं पुरणपोळ्या असतात, चाळीस-पन्नास, शुक्रवारपासून पुरण चालू असतं. काल शीट आली, कुणी काय आणायचं त्याची. माझ्या नावापुढं पेपर प्लेट्स आणि बर्फ.